अठ्ठ्याण्णव खिडक्या

मले नकला करता येतात. एसटीचा कंडक्टर, भूगोलाचे सर, पिठाच्या चक्कीचा पट्टा, कशाची बी. फुलसावंगीच्या शाळेत मी सरांच्या आवाजात "ए, मागची लाइन, काय चाललं?" म्हटलं का मागची लाइन खरंच चूप बसे, अन मग खरे सर येऊन मलेच बेंचावर उभं करत. दहावी झाली अन अकरावीले मी यवतमाळले मामाकडं राह्याले आली. तिथं पहिली नक्कल बसवली ती मामाच्या कॉम्प्युटरची.

तो कॉम्प्युटर चालू होणं म्हणजे एक कार्यक्रमच होता. बटन दाबलं का आधी डब्यातून "घुंईईई" निघे. मग कोणी म्हातारं घसा साफ करून राह्यल्यासारखं "खर्र, खर्र". मग एकदा "टुक". तेवढ्यात मामा समोरच्या टपरीवर चहा सांगून ये, चहा ये, पिऊन होये, अन मग कुठं "टडाआआंग" अशी धून वाजून पडदा निळा होये. मी हे सगळं तोंडानं करे. मामा मागच्या खोलीत पत्रिकेचे गठ्ठे बांधत असला का मी पुढून फक्त "टडाआआंग" सोडे. मामा हातातला सुतळीचा तुकडा घेऊन धावत ये अन पाह्ये तं पडदा काळा.

"अवं पोट्टे," मामा म्हणे, "तुह्या तोंडाले बी एक बटन पाह्यजे होतं."

मामा म्हणजे माह्या आईचा लहान भाऊ. तहसीलच्या समोर त्याचं दुकान. पाटीवर तीन गोष्टी लिहून: झेरॉक्स, मराठी टायपिंग, लग्नपत्रिका. टायपिंग तो असं करे का नजर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं अन बोटं आपली आपली चालून राह्यली. आधी टाइपरायटरवर शिकलेला माणूस. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं घासून पुसून गेलती, पण त्याले कुठं पाह्याचं होतं!

ती वर्षं कापसाची वाईट होती. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव ये. दिल्ली-मुंबईचे लोकं गळ्यात कॅमेरे लटकवून येत, झेरॉक्स काढाले आमच्याच दुकानात थांबत अन मलेच विचारत, "बेटा, यहाँ कैसा माहौल है?" मी त्यांच्याच आवाजात उत्तर देऊ लागली का मामा मागून चिमटा काढे. पण दुकानात बसून आम्हाले कापूस वेगळाच दिसे. भाव बरा असला का पत्रिका जाड, आत पातळ कागदाचं पान, वर सोनेरी गणपती. भाव पडला का एकच कागद, एकच रंग, गणपती बी वाळलेला. कितीक लग्नं तं मॅटर टाइप झाल्यावर पुढं ढकलली जात. मुलीचा बाप येऊन चप्पल न काढताच दारातून म्हणे, "भाऊ, यंदा राहू द्या. पुढच्या हंगामात पाहू." मामा "बरं" म्हणे, पण मॅटर मोडत नसे, म्हणजे टाइप केलेलं पुसत नसे. "तारीख तेवढी बदलाची राह्यली," म्हणे. अशी किती तरी लग्नं त्या कॉम्प्युटरच्या पोटात तारखेची वाट पाहत बसलती. त्याच्याच्यानं त्या मशीनले कोणी हात लावलेला मामाले खपत नसे.

अन दुसऱ्याच्या लग्नाचं एवढं टाइप करणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं काही जमून नव्हतं राह्यलं. वय छत्तीस. मुलीवाल्यायले त्या दिवसांत फक्त नोकरीवाला पाह्यजे होता. शेतीवाला नको, दुकानवाला बी नको. एक मध्यस्थ काका होते, ते प्रत्येक ठिकाणी मामाची शिफारस अशी करत (आवाज नाकातून काढाचा, अन शेवटी उसासा): "मुलगा लाखात एक आहे हो. फक्त त्याले दुकान आहे." जसं काही दुकान म्हणजे दमाच!

अशात राजूरचं एक स्थळ आलं. मुलगी कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवे. वडील नव्हते. मोठा भाऊ कोळशाच्या खाणीत कामाले. आम्ही तिघं गेलो पाह्याले: मामा, फुलसावंगीहून खास आलेली माही आई, अन मी.

पोहे झाले. आईनं विचाराचं ते विचारून झालं. मग तिचा भाऊ म्हणाला, "तुले काही विचाराचं असन तं विचार माय, मागून म्हणशीन राहून गेलं."

तिनं मामाकडं पाह्यलं अन सरळ विचारलं, "तुमच्याकडे विंडो कोणती आहे?"

मामानं तोंड उघडाच्या आधीच आई बोलली. "सागवानाची! आमच्या बाबांनं पुसदकडून लाकूड आणलं होतं. एका बी खिडकीले आजपर्यंत वाळवी नाही."

"अठ्ठ्याण्णव," मामा म्हणाला.

तिच्या भावाचा चहाचा कप तोंडाजवळ येऊन थांबला. "अठ्ठ्याण्णव? अठ्ठ्याण्णव खिडक्या?" त्यानं एकदा मामाकडं पाह्यलं अन मग काळजीनं बहिणीकडं. "मंग पुसते कोण त्या?"

मले असा ठसका लागला का पोह्यातला शेंगदाणा नाकात गेला. ती बी हसली. हसताना तिनं तोंडावर पदर-बिदर काही घेतला नाही, खुल्ला हसली. "दादा, कॉम्प्युटरची विंडो म्हणून राह्यली मी." मग मामाले म्हणे, "अजून अठ्ठ्याण्णवच? आमच्या क्लासातले पोट्टे एक्सपी नसली तं खुर्चीवर बसत नाही. पेनड्राईव्ह तरी चालते का तुमच्या मशीनले?"

"नाही," मामा म्हणाला. "फ्लॉपी चालते."

असं म्हणाला, जसं काही डॉक्टरच्या समोर बसून 'रात्री खोकला येते' म्हणून राह्यला.

निघताना तिचा भाऊ आम्हाले बसपर्यंत सोडाले आला. माणूस साधा. बस येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला, अन बस दिसल्यावर घाईघाईनं खरं ते सांगितलं. "भाऊ, राग नका मानू. बहीण म्हणते, पुढच्या रविवारी दुकान पाह्याले येऊ, मग काय ते सांगू. घर नाही म्हणे, दुकान. तिचं म्हणणं आहे का नव्याले भेणारा माणूस नाही पाह्यजे. दोन स्थळं तिनं याच्याच्यानंच मोडली."

बसमधी मामा खिडकीजवळ बसला अन वणी येईपर्यंत त्या खिडकीची काच वर-खाली करत राह्यला.

आता आमच्याकडं विंडो 'टाकत' नाही. मारतात. कपाशीवर फवारा मारतात, तशीच कॉम्प्युटरवर विंडो मारतात. तं सोमवारपासून मामाचं एकच चाललं: मारू का नको मारू. झेरॉक्सले आलेल्या वकिलाले विचारलं. वकील म्हणे, "दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील." चहावाल्याले विचारलं. तो म्हणे, "माह्याकडं स्टोव्ह बदलला तं महिनाभर चहाले चव नव्हती." मामानं लगेच माह्याकडं पाह्यलं, जसं काही निकालच लागला.

"मामा, मारून टाक ना," मी म्हटलं.

"फवारा मारल्यावर अळी मरते का पीक मरते, हे मारल्यावरच कळते."

"अन नाही मारली तं ती राजूरची म्याडम 'नाही' म्हणन."

"तिले सांगता येईन ना, का काम चालून राह्यलं जुन्यावर."

मी लगेच खुर्चीवर बसली, पाठ ताठ केली, अन तिच्या आवाजात म्हटलं, "फ्लॉपी? अजून फ्लॉपीच?"

मामानं पत्रिकेचा कोरा कागद गोळा करून मले फेकून मारला. पण हसला नाही. मंगळवारी बी हसला नाही. बुधवारी म्हणाला, "समज, मारलीच. तं मॅटरचं काय? सगळं पुसते ते."

"फ्लॉपीवर घेऊन ठेवू. मी घेते."

अन मग मी दोन दिवस कॉलेजातून आल्यावर तेच केलं. एक फ्लॉपी घालाची, मशीनचं "खर्र खर्र" ऐकाचं, काढाची, वर स्केचपेननं गावाचं नाव लिहाचं. घाटंजीवाल्याचं लग्न, कळंबवाल्याचं लग्न, दोन वेळा पुढं गेलेलं दिग्रसवाल्याचं लग्न. सगळ्यात शेवटी 'नमुने' नावाचा एक कप्पा राह्यला. गिऱ्हाइकाले दाखवाच्या पत्रिका. एक ते आठ मी पाह्यलेल्या होत्या. नऊ नंबर नव्हती पाह्यली. उघडली.

वराच्या जागी मामाचं नाव होतं. खाली नाना-नानीचं. 'चि. सौ. कां.' च्या पुढं नुसती टिंबं, एक पूर्ण ओळभर. तारखेची जागा कोरी. अन सगळ्यात खाली, जिथं घरातल्या लहान लेकरांचं आमंत्रण असते, तिथं लिहिलं होतं: 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' अन त्याच्या खाली माहं घरचं नाव, जे आज कोणी चारचौघांत घेतलं तं मी चावीन त्याले.

फाइलीवर बनवल्याचं वर्ष होतं. मी चौथीत होती तेव्हाचं.

मी खुर्ची मामाकडं वळवली. म्हटलं, "मामा, हा नऊ नंबरचा नमुना?"

मामाची मान मागून लाल झाली. "गिऱ्हाइकाले दाखवाचा आहे तो."

"कोणाकोणाले दाखवला?"

"कोणालेच नाही." मग झेरॉक्सच्या मशीनकडं तोंड करून, "मारल्यावर राह्यते ना ते?"

मी नऊ नंबर एका वेगळ्या फ्लॉपीत घेतला. तिच्यावर काही लिहिलं नाही. हीच चूक झाली, पण ते पुढं येईन.

शनिवारी दुपारी विंडो मारणारा भाऊ आला. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, त्याच्याच्यानं त्याचं अर्धं बोलणं आतच राहे. "माऊ का मंग?" त्यानं सीडी हातात धरून विचारलं. मामा देवाच्या फोटोकडं पाहून म्हणाला, "मार." अन बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राह्यला. इंजेक्शन देताना लेकराचा बाप बाहेर जाते ना, तसा.

मधी दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा मामा आत आला, मशीनवर हात ठेवून पाह्यला अन बाहेर गेला. संध्याकाळी एकदाची नवी धून वाजली. बारीक, गोड, शहरातल्या नव्या नवरीनं हळूच पाय टाकल्यासारखी. मले ती पहिल्या झटक्यात काही जमली नाही. पडद्यावर हिरवीगार टेकडी अन निळं आभाळ आलं.

मामा चष्मा वर करून बराच वेळ पाहत राह्यला. "हे कोणाचं शेत आहे?" म्हणे. "कपाशी नाही, तूर नाही, नुसतं गवत. पडीक ठेवलं वाटते."

मग त्यानं बसून आपलं नाव टाइप केलं. अन पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. एकाले दुसऱ्याचा पत्ता नाही अशी. फ्लॉपीतलं एक जुनं लग्न उघडलं, तं ते बी तसंच.

"मराथी फॉन्त ताकाचा राह्यला," तो भाऊ म्हणाला. "थीडी दारव्ह्याले घरी आहे. उद्या दुपारी आनतो ना." अन गेला बी.

मामा खाली बसला. म्हणजे खुर्चीवर होताच, पण अजून खाली बसला. उद्या सकाळी ते लोकं येणार, अन नवी विंडो मारलेल्या मशीनवर मराठीचं एक अक्षर दिसून नाही राह्यलं. मले त्याची दया आली, पण माह्यात दया निघते ती बी मस्करीतूनच. मी विचारलं, "मामा, 'मामा' टाइप करून दाखव ना."

त्यानं चार वेळा बोट मारलं. पडद्यावर उमटलं: ई, के, ई, के.

"एकेक!" मी ओरडली. "मामाचं इंग्रजीत एकेक होते! एकेक, चहा घेता का?"

"म ई वर आहे, काना के वर आहे," मामा पडलेल्या आवाजात म्हणाला. "टाइपरायटरच्या हिशोबानं. बोटायले सगळं बरोबर माहीत आहे, दाखवणारं चुकून राह्यलं." मग मी 'विवाह' टाइप कराले लावलं, तं आलं एफ, ओ, ओ, के, जी. फूकजी. झोपेपर्यंत मी "एकेकचा फूकजी" म्हणत घरभर फिरली. शेवटी मामाच्या ओठाचा एक कोपरा हलला जरासा.

रविवारी सकाळी दुकान झाडून-पुसून झालं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून कचोऱ्या आणाले अन शेजारून दोन खुर्च्या मागाले गेला. तेवढ्यात एक म्हातारेबुवा आले. हे तेच, दिग्रसकडचे, ज्यांच्या पोराचं लग्न दोन हंगाम पुढं गेलतं. "बाई, यंदा करूनच टाकू म्हणतो," ते म्हणाले. "आमचं मॅटर आहे ना? का मोडलं?"

"मोडत नाही आमच्याकडं," मी मामाच्या आवाजात म्हटलं अन टेबलावरची फ्लॉपी न पाहताच उचलून घातली. पडदाभर अक्षरंच अक्षरं. एफ, ओ, ओ, के, जी.

म्हातारेबुवा वाकून पाहत राह्यले. मले वाटलं आता चिडतात. तं ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "इंग्रजीत केली?"

मी नुसता माऊस हलवत राह्यली.

"वा, बाई, वा! व्याही पाहतच राह्यन. माह्या गावात आजपर्यंत कोणाच्या घरी इंग्रजी पत्रिका नाही आली. वाचून दाखव बरं."

आता असं कोणी म्हटल्यावर मी ऐकते का! मी टीव्हीवरच्या इंग्रजी बातम्यांच्या बाईसारखी मान वाकडी केली, खांदे सरळ केले अन सुरू झाली. "फूकजी... जेके... एचकेएल..." म्हातारेबुवा प्रत्येक शब्दाले मान डोलवून राह्यले. "बरोबर आहे," म्हणत. "बरोबर आहे." मी वाचत वाचत खाली गेली, शेवटच्या ओळीवर आली, अन तिथं होतं: एकेक.

मी तिथंच थांबली. लेकरांची ओळ. मामा. ही दिग्रसवाल्याची फ्लॉपी नव्हती. ही ती होती जिच्यावर मी काही लिहिलं नव्हतं.

"थांबलीस काहून? मस्त वाचून राह्यली होतीस," दारातून आवाज आला.

राजूरची म्याडम, अन तिच्या मागं तिचा भाऊ, हातात छत्री. वणीची बस त्या दिवशी वेळेच्या आधी पोचली होती. असं आमच्याकडं वर्षातून एकदा होते, ते नेमकं तेव्हाच झालं.

ती हसत हसत आत आली अन पडद्याकडं पाहू लागली. मी म्हटलं चला, इंग्रजी अक्षरांचा कचरा आहे, हिले काय समजते. पण तिची नजर एका जागी थांबली. मग तिनं दोन्ही हात काउंटरच्या कडेवर ठेवले, अन तिची बोटं चालू लागली. हळूहळू, एकेक अक्षर, लाकडावर. थेट मामासारखी.

"तुमाले मराठी टायपिंग येते?" मी विचारलं. माहा आवाज माहाच निघाला, बारीक.

"तीसची अन चाळीसची परीक्षा, दोन्ही पास," ती म्हणाली. बोटं थांबली नाही. "टाइपरायटरवर."

तेवढ्यात मामा आला. एका हातात कचोऱ्यांचा पुडा, डोक्यावर उलटी खुर्ची.

"ही कोणाची पत्रिका आहे?" तिनं विचारलं.

"माह्या पोराची," म्हातारेबुवा छाती काढून म्हणाले. "इंग्रजी आहे, बाई."

"बाबा, यात तुमच्या पोराचं नाव नाही."

मामानं पडद्याकडं पाह्यलं. त्याची बोटं कचोऱ्यांच्या पुड्यावर दोनदा हलली. मग त्याले कळलं. खुर्ची डोक्यावरच राह्यली.

"नमुना आहे," तो खुर्चीखालून म्हणाला.

"नमुन्यात मुलीचं नाव नाही."

"त्याचं मॅटर आलं नाही अजून."

"कधीची आहे ही?"

मामाच्या आधी मीच बोलली. "मी चौथीत होती तेव्हाची." मामानं माह्याकडं असं पाह्यलं का मी दोन पावलं झेरॉक्सच्या मागं सरकली.

"अन एवढी वर्षं ठेवली?"

"मी मॅटर मोडत नाही," मामा म्हणाला. आता त्यानं खुर्ची खाली ठेवली, पण बसाले कोणाले म्हटलं नाही. "लोकायचं पुढं जाते. जाते, पण होते."

तिनं मशीनकडं बोट दाखवलं. "मग नवी विंडो काहून मारली? चालू काम बंद पडलं तुमचं. ह्या बाबांची पत्रिका अडली. जुनी चालून राह्यली होती ना?"

"तुम्ही म्हटलं होतं."

"भेव नाही वाटलं?"

"भेत भेतच मारली," मामा म्हणाला. "रस्त्यावर जाऊन उभा होतो."

मी तोवर कोणालेच मामाशी असं बोलताना ऐकलं नव्हतं, अन मामाले असं खरं खरं उत्तर देताना तं नाहीच नाही. तिचा भाऊ कचोऱ्यांच्या पुड्याकडं पाहून राह्यला होता. म्हातारेबुवा अजून बी पडद्याकडंच.

ती वळून खुर्चीवर बसली. माऊस धरून वर गेली, टिंबांच्या ओळीजवळ. अन टायपिंग केलं. टक टक टक टक. चारच. उठली, साडी झटकली.

"चाला दादा. बस आहे बाराची."

"एवढ्यात? अवं, दुकान तं पाह्यलं पाह्यजे. खिडक्या मोजल्या का?"

"मोजल्या. एकच आहे," ती म्हणाली. "पुरते."

ते गेले. कचोऱ्यांचा पुडा तसाच बांधलेला. मामा पडद्यासमोर उभा, अन त्याच्या तोंडावर असं काही होतं ज्याची नक्कल मी अजून बी करू शकली नाही. मी मागून वाकून पाह्यलं. टिंबांच्या जागी उमटलं होतं: ई, के, ई, एच.

"एकेह?" मी म्हटलं. "मामा, एकेह म्हणजे काय? मामा लिहाले गेली अन चुकली का?"

मी कीबोर्डवर वाकली. ई वर म, हे कालच कळलं होतं. के वर काना. पुन्हा म. एच वरचं अक्षर घासून पार गेलं होतं.

"मामा, एच वर काय असते?"

"दुसरी वेलांटी," मामा म्हणाला, अन घाईघाईनं मागच्या खोलीत गठ्ठे बांधाले गेला. त्या दिवशी बांधाले गठ्ठे नव्हतेच.

म. काना. म. दुसरी वेलांटी.

मी जीव तोडून जुनी धून सोडली: घुंईईई, खर्र खर्र, टुक, अन मग "टडाआआआआंग!" रस्त्यावरचे दोन जण थांबून पाहू लागले. मामा धावत नाही आला. पहिल्यांदाच.

दुपारी तो खर्रावाला भाऊ फॉन्टची सीडी घेऊन आला. "ताकू का?" म्हणे. मामा म्हणाला, "पाच मिनिटं थांब." अन आधी तो कचऱ्यासारख्या अक्षरांचा कागद, आहे तसाच, छापून घेतला, अन घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. म्हातारेबुवांची पत्रिका मात्र फॉन्ट आल्यावर मराठीत निघाली. ते पाहून ते एवढे नाराज झाले, का शेवटी मामानं त्यांच्यासाठी वर एक ओळ खरीखुरी इंग्रजीत टाकली.

मामाची पत्रिका उन्हाळ्यात छापली. एकाच कागदाची, एकाच रंगाची. मी म्हटलं, "खालची ती लेकरांची ओळ तरी काढ आता. मी अकरावीत आहे. माह्या घरच्या नावाखाली 'यायचं हं' काय? कॉलेजात पत्रिका गेली तं मले तोंड दाखवाले जागा राह्यणार नाही."

मामा टाइप करून राह्यला होता, नजर माह्याकडं, बोटं आपली आपली.

"विंडो बदलली ना तुह्या म्हणण्यानं?" तो म्हणाला. "मॅटर बदलणार नाही."